जुन्या भयपटांना हसणाऱ्यांनो, आधी रीमेक शेजारी ठेवून बघा

शनिवारपेठी
काल इथे एकाने लिहिलं, "जुने भयपट बघून आता भीती नाही, हसू येतं. रीमेक आला असेल तर मूळ बघण्यात वेळ घालवू नका." खाली 'सहमत'ची रांग. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा.

'सायको' घ्या. हिचकॉकचा, १९६०चा, कृष्णधवल. १९९८ साली गस व्हॅन सँटने तोच पुन्हा काढला, जवळजवळ शॉटला शॉट. संवाद तेच, बर्नार्ड हरमनचं संगीत तेच, फक्त रंगीत. आणि निर्जीव! मुळात मोटेलवाला नॉर्मन मुक्कामाला आलेल्या बाईला सँडविच आणून देतो, त्या खोलीत पेंढा भरलेले पक्षी आहेत. नॉर्मन झालेला अँथनी पर्किन्स बोलता बोलता अडखळतो, ओशाळं हसतो, आणि आपल्याला त्या पोराची कीव येते. पुढचं सगळं अंगावर येतं ते त्या कीवेमुळे. कॅमेरा तिथेच ठेवला म्हणून कीव थोडीच येते?

दुसरं. मी अकरावीत असताना वडिलांनी मला लॉ कॉलेज रोडच्या चित्रपट संग्रहालयात १९२२चा मूक 'नोस्फेराटू' दाखवला, रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचा. भिंतीवर सावली जिना चढते, बोटं लांब लांब होत दाराकडे सरकतात. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. आमच्या वाड्याच्या जिन्यावर चाळीसचा बल्ब होता. पुढे महिनाभर तो लावल्याशिवाय मी वर गेलो नाही. एगर्सचा २०२४चा रीमेकही बघितला. मेहनत दिसते, पण जिन्याचा दिवा लावावासा वाटला नाही.

कर्वेनगरकर
अकरावीत बघितलेलं कुणालाही आयुष्यभर भारी वाटतं. हा तुमच्या वयाचा मुद्दा झाला, सिनेमाचा नाही.

'द थिंग' विसरलात? कार्पेंटरचा, १९८२चा. तो रीमेकच आहे. १९५१च्या सिनेमात परग्रहावरून आलेला प्राणी म्हणजे मेकअप केलेला उंच माणूस. दोन्ही ज्यावरून निघाले त्या कॅम्पबेलच्या १९३८च्या कथेतली खरी दहशत ही, की तो आपल्यातल्या कुणाचंही रूप घेतो. ती त्यांनी गाळूनच टाकली. कार्पेंटरने ती परत आणली. माणूस कोण आणि प्राणी कोण हे कळावं म्हणून रक्त तपासण्याचा प्रसंग आठवा. माणसं बांधून ठेवलेली, बशीत एकेकाचं रक्त, त्यात तापवलेली तार टेकवायची. चर्र. काही नाही. पुढचा. चर्र. काही नाही. मी हा सिनेमा चार वेळा बघितलाय आणि चारही वेळा त्या तारेला हात आखडून घेतलाय.

आणि तुमचा 'नोस्फेराटू' तरी मूळ कुठला? ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून परवानगी न घेता उचललेला. स्टोकरच्या विधवेने कोर्टात खेचलं आणि प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. काही वाचल्या म्हणून तुम्हाला अकरावीत बघता आला.

शनिवारपेठी
कादंबरीवरून केलेला सिनेमा आणि सिनेमावरून केलेला सिनेमा यांत फरक आहे, पण परवानगीचं मान्य. 'थिंग'चंही मान्य, जड मनाने. पण मग २०११चा 'थिंग' का टाळलात? नावाला पूर्वकथा, प्रसंग मात्र कार्पेंटरचेच. त्यासाठी खरेखुरे पुतळे, रबरी अवयव सगळं बनवलं होतं, आणि शेवटी त्यावर कॉम्प्युटरचं काम चढवलं. १९८२चं रबर आजही किळस आणतं, २०११चे पिक्सेल कुणाला आठवतात?

उसाचा_फड
अवांतर होईल, पण अमेरिकेचं किती दिवस उगाळणार? आपल्याकडचं बोला. 'लपाछपी', २०१७. गरोदर बाई, चहूबाजूंनी ऊस, मधे एकच घर, आणि उषा नाईकांची तुळसाबाई. २०२१ला त्याच दिग्दर्शकाने, विशाल फुरियांनी, हिंदीत 'छोरी' केला. माझ्या ऑफिसात आठ जण मराठी. आठही जणांनी 'छोरी' बघितला. 'लपाछपी' एकानेही नाही! वर मला विचारतात, "अरे, हा मराठीत पण आहे का?" 'मराठीत पण' म्हणजे काय? आधी मराठीतच होता!

कर्वेनगरकर
मग रीमेकचा फायदाच झाला की. दिग्दर्शक तोच, विषय तोच, स्त्रीभ्रूणहत्येचा. ओटीटीवर आला म्हणून देशभर पोहोचला. नाहीतर हा विषय किती जणांनी बघितला असता?

उसाचा_फड
पोहोचला म्हणे! 'लपाछपी' लागला तेव्हा मी आणि बायको एका मल्टिप्लेक्सला गेलो. शो कधी, तर दुपारी पावणेबाराचा, कामाच्या दिवशी. मी अर्धी रजा टाकली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, पाच जण झाले तर चालू करू." आम्ही दोघं आणि एक आजोबा. वीस मिनिटं थांबवलं आणि पैसे परत केले. शेजारच्या पडद्यावर हिंदी सिनेमाचे दिवसाला सात शो. पुण्यात! आजोबा मला म्हणाले, "मी बसने आलोय हो, दोन बदलून." ते अजून डोळ्यांसमोर आहेत.

हडपसर_गाडीतळ
+१. आमच्याकडे तर लागलाच नव्हता.

पण खरं सांगा, गेल्या वर्षभरात तिकीट काढून किती मराठी सिनेमे बघितलेत? थिएटरवाल्याला वीजबिल भरायचं असतं. माझ्या मामाने चौदा वर्षं एकपडदा थिएटरात बुकिंग सांभाळलं. तो म्हणायचा, शिव्या द्यायला शंभर येतात, खिडकीवर दहा.

उसाचा_फड
नऊ. नऊ सिनेमे, आणि नऊही वेळा बायकोसकट. खोटं वाटत असेल तर या घरी, तिकिटं ठेवलीत.

कर्वेनगरकर
भयपटांवर बोलायचं होतं, इथे वीजबिलं आणि तिकिटं निघाली. ज्यांना फक्त मराठीचं रडगाणं गायचंय त्यांनी दुसरा धागा काढा.

उसाचा_फड
रडगाणं? आपल्या भाषेतली गोष्ट आपल्याच शहरात बघायला मिळत नाही याला रडगाणं म्हणता? तुम्हाला १९५१ आणि १९८२मधला फरक पाठ, आणि घराजवळ लागलेला सिनेमा ठाऊक नाही. वाईट वाटतं, खरंच.

रात्रपाळी
भांडू नका. मी नर्स आहे, चार वर्षं सगळे सिनेमे नाइट करून आल्यावर सकाळी बघते, म्हणून मला विचाराल तर.

'द फ्लाय'चं कुणीच काढलं नाही. १९५८च्या सिनेमात शास्त्रज्ञाला माशीचं डोकं लागतं, एकदम. क्रोननबर्गच्या १९८६च्या रीमेकमध्ये तो हळूहळू बदलतो. आरशासमोर उभा राहून बोट दाबतो आणि नख सुटून येतं. तो ते नीट बघतो, घाबरण्याआधी बघतो. माझे बाबा आजाराच्या शेवटच्या वर्षी असंच स्वतःच्या हातांकडे बघत बसायचे. शर्टाचं बटण लागलं नाही की बोटं उलटसुलट करून पाहायचे. मी तो सिनेमा तिथे थांबवला. दोन दिवसांनी उरलेला बघितला. मेकअपला ऑस्कर मिळालं हे मला नंतर कळलं. मला तो मेकअप वाटलाच नव्हता.

जुन्यात हे नाही. म्हणून मूळच चांगलं हे मला पटत नाही, शनिवारपेठी. ज्याने पुन्हा काढला त्याला स्वतःचं काही सांगायचं होतं का, एवढंच मी बघते.

शनिवारपेठी
ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. 'फ्लाय' तुमचा. 'सायको' मात्र सोडणार नाही.

कर्वेनगरकर
१९९८चा 'सायको' मीही अर्ध्यात बंद केला होता. हे आधी लिहिलं नाही, कारण तुम्ही लगेच धरून बसला असतात.

उसाचा_फड, रडगाणं शब्द मागे घेतो. 'लपाछपी' बघितला नव्हता हेही खरं. 'छोरी' बघितला होता.

उसाचा_फड
आता बघा, आणि कानात हेडफोन घालून बघा.

मी काल रात्री आईला लावून दिला. ती सांगलीकडची, लहानपण उसातच गेलेलं. तुळसाबाई बोलायला लागली तशी म्हणाली, "ही आपल्या थोरल्या आत्यासारखीच बोलती की रं." मग हसली नाही, बोलली नाही. पोरं लपाछपी खेळायला लागली तेव्हा मधेच उठली. मला वाटलं, पाणी प्यायला गेली. मागच्या दाराची कडी लावून परत येऊन बसली.