मदत हवी आहे: गावच्या कामांचा हिशेब मराठीत, एका पानावर कसा मांडावा?

नमस्कार मंडळी,

बेळगाव तालुक्यात मार्कंडेय नदीच्या काठाला असलेल्या एका गावातून लिहितेय. गावाचं नाव देत नाही, इथलं लिखाण आमच्या गल्लीच्या ग्रुपवर पोचायला अर्धा तास पुरतो. मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधीच सांगते, आमच्याकडे सरपंच नसतो, अध्यक्ष असतो, तोही सदस्यांनी आपल्यातूनच निवडलेला, 30 महिन्यांसाठी. ग्रामसेवकाच्या जागी पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं, निदान कागदावर तरी नसतं.

अडचण अशी. पंचायतीची कामं चालू आहेत. काही झाली, काही अर्धी आहेत, एक-दोन नुसतीच मंजूर होऊन पडलीत. गावाला यातलं काही धड कळत नाही. ठराव, क्रिया योजना (वर्षाच्या कामांचा आराखडा), कामाच्या जागेवरचा फलक, सगळं कन्नडमध्ये. मला कन्नड वाचता येतं, शाळेत झालंय. पण आमच्या गल्लीतली साठीपुढची माणसं मराठी शाळेत शिकलेली, तीही चौथीपर्यंत. ग्रामसभा होते, खरोखर होते, फक्त ती लागते नेमकी भातकापणीत किंवा भर रोप लावणीत. मग खुर्च्यांवर आम्ही सदस्य, आशाताई, अंगणवाडीच्या बाई आणि गृहलक्ष्मी या सरकारी योजनेचे महिन्याचे दोन हजार का आले नाहीत हे विचारायला आलेल्या बायका. त्यांची तरी काय चूक, त्यांना तोच एक प्रश्न महत्त्वाचा.

म्हणून डोक्यात आलंय की दर सहा महिन्यांनी एक पान काढायचं, मराठीत. कुठलं काम कुठवर आलं, पैसे कुठल्या खात्यातून, अडलं असेल तर कशामुळं. पीडीओसाहेबांशी बोलले. ते नको म्हणाले नाहीत, ‘बघू मॅडम’ म्हणाले.

घोडं अडलंय ते अर्धवट कामांपाशी. झालेलं काम सांगायला काय लागतं? फोटो लावायचा, झालं. जलजीवनचं, म्हणजे घरोघरी नळाच्या योजनेचं उदाहरण घ्या. पाईप घातले, दारात नळ बसले. खालच्या गल्लीला पाणी येतं, वरच्या गल्लीला नळाला तोंड लावलं तरी थेंब नाही. लोक मला अडवून विचारतात, ‘पाईप घातलासा, खरं पाणी कुठाय ओ?’ आता हे काम पंचायतीनं केलेलंच नाही. वरच्या खात्यानं ठेकेदार नेमून केलं, पूर्ण झालं की आम्ही ताब्यात घ्यायचं. आम्ही अजून घेतलेलं नाही, कारण पाईपसाठी रस्ता खणला तो नीट बुजवलेला नाही आणि वरच्या भागात दाब मिळत नाही. एकदा ताब्यात घेतलं की दुरुस्तीचा खर्च आमच्या पाणीपट्टीतून जाणार. सही न करण्यात गावाचंच हित आहे, पण गावात बोललं जातं ते असं की पंचायतीनं मुद्दाम अडवून ठेवलंय. हे चार ओळींत कसं लिहू?

दुसरं, स्मशानाकडं जाणारा रस्ता. पैसे आहेत, एस्टिमेट झालंय, मधल्या पट्ट्याच्या मालकीवरून दोन घरांत वाद आहे. दोन्ही घरं आमच्या भावकीतली. पत्रकात लिहिलं तर माझं जेवणखाण बंद होईल, नाही लिहिलं तर ‘पैसे कुठं गेले’ म्हणून बोंब.

तिसरं, कचऱ्याचं शेड. बांधून झालं, गाडी आली, गाडी चालवायला बचत गटातली बाई शिकून तयार झाली. गावकरी ओला-सुका वेगळा देत नाहीत. ही ‘कामाची माहिती’ की गावालाच बोल लावणं?

तर कुणी पंचायतीत काम केलंय का, असं पत्रक काढलंय का? एकटी सदस्य ते काढू शकते का? कुठले आकडे द्यावेत, कुठले नकोत? आणि ते मराठीत काढलं म्हणून कुणी आक्षेप घेतला तर काय उत्तर द्यायचं? सीमाप्रश्नावरची चर्चा कृपया या धाग्यात नको, त्याला दुसरे धागे पुष्कळ आहेत.

— गल्लीतली_सदस्य

निवृत्त_ग्रामसेवक

ताई, उपक्रम चांगला आहे. मी कोल्हापूर जिल्ह्यात नोकरी केली, तुमचा कायदा वेगळा, पण कामाचा प्रवास सगळीकडं सारखाच. लोकांना ‘मंजूर’ या एका शब्दावर फसवलं जातं. आराखड्यात नाव येणं म्हणजे मंजुरी नव्हे. आराखडा, मग एस्टिमेट आणि तांत्रिक मंजुरी, मग कार्यादेश, मग काम, मग जेईची (कनिष्ठ अभियंत्याची) मोजणी आणि एमबीत (मोजमाप वहीत) नोंद, शेवटी बिल. प्रत्येक कामापुढं यातली कुठली पायरी झाली तेवढंच लिहा, तारखेसह. ‘गटार: काम झालं, मोजणी झाली, बिल निघालेलं नाही.’ यात कुणाची स्तुती नाही, कुणावर आरोप नाही. ‘काम प्रगतिपथावर’ हे शब्द चुकूनही वापरू नका, आम्ही नोकरीभर तेच लिहून वेळ मारून नेली.

सरपंचाच्या सहीनं काढा म्हणजे वजन येईल. ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरला असतेच, तेव्हा वाटा.

खानापुरी

काका, सरपंच आणि त्या चार तारखा तुमच्याकडं. इकडं कर्नाटकाचा 1993 चा पंचायत राज कायदा. त्यात ग्रामसभेच्या आधी वॉर्डसभा आहे, दोन्ही सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायला हव्यात.

ताई, तुमच्या ‘एकटी काढू शकते का’चं उत्तर इथंच आहे. वॉर्डसभेचं अध्यक्षपद त्या वॉर्डातून निवडून आलेल्या सदस्याकडं असतं. पंचायतीच्या नावानं, शिक्क्यानं काही काढायचं तर ठराव पाहिजे. पण वॉर्डसभेत तुमच्या वॉर्डातल्या कामांचं टिपण वाचून दाखवायला आणि त्याच्या प्रती वाटायला कुणी अडवणार नाही. वर ‘वॉर्डसभेसाठी टिपण’ लिहा, खाली स्वतःची सही करा. आमच्या खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या गावांत तर चार-पाच वाड्या मिळून एक पंचायत. तिथं पंचायतीचं एकच पत्रक काढलं तर प्रत्येक वाडीला वाटतं दुसऱ्याच वाडीला सगळं मिळालं. वॉर्डापुरतंच ठेवा.

आणि जमाबंदी विसरू नका. दरवर्षी 16 ऑगस्ट ते 15 सप्टेंबरमध्ये पंचायतीचे हिशेब गावासमोर मांडायचे असतात, कामं जागेवर जाऊन बघायची असतात. लोक जमाबंदी म्हटलं की तलाठ्याचं काहीतरी समजतात आणि येत नाहीत. पहिलं पान त्याच्या आधी आठ दिवस घरोघर गेलं तर जमाबंदीला माणसं कागद घेऊन येतील. मग बघा मजा.

गल्लीतली_सदस्य

हे वॉर्डसभेचं डोक्यातच नव्हतं, आमच्याकडं ती ग्रामसभेला चिकटवूनच उरकतात. जमाबंदीची कल्पना पटली. पण पैशांचं कसं लिहू? ‘पंधराव्या वित्त आयोगातून’ म्हटलं की आमच्या मावशी विचारतात, पंधरा म्हणजे किती लाख?

हिशेबी

मावशींना खातं सांगू नका, पैसा कशावर खर्च करता येतो ते सांगा. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26), म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणाऱ्या निधीचे दोन भाग. 60 टक्के बांधील, तो पाणी आणि स्वच्छतेवरच घालायचा. 40 टक्के मोकळा, गावाच्या गरजेप्रमाणं, पण पगाराला नाही. रोजगार हमीच्या कामांत मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण 60:40. घरपट्टी-पाणीपट्टी हा गावाचा स्वतःचा पैसा. एवढं कळलं की ‘गटाराचे पैसे मंदिरासमोरच्या फरशीला का वापरत नाही’ हा प्रश्न आपोआप मिटतो. मिटत नाही खरं तर, पण उत्तर देता येतं.

आकडे देताना एस्टिमेटचा आणि प्रत्यक्ष दिलेल्या बिलाचा असे दोनच. लोक तुमच्या पानाशी पडताळून बघणार हे धरून चाला. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर पंचायत निवडली की वर्षाचा आराखडा आणि वित्त आयोगाचा खर्च दिसतो, जलजीवनच्या संकेतस्थळावर गावनिहाय नळ दिसतात, रोजगार हमीची कामं आणि हजेरीपटही उघडे असतात. गावातली कॉलेजची पोरं हे मोबाईलवर काढून बसलेली असतात. तुमचा आकडा वेगळा निघाला तर सगळं पान खोटं ठरेल.

पाण्याबद्दल एक महत्त्वाचं. ‘हर घर जल’ असं संकेतस्थळावर दिसत असलं तरी ते दोन टप्प्यांत होतं. आधी खातं कळवतं की झालं. मग ग्रामसभेनं ठराव करून दुजोरा दिला तरच गाव प्रमाणित होतं. वरच्या गल्लीत पाणी नाही तोवर तो ठराव करायचा नाही, हे तुमच्या गावाच्या हातात आहे. पत्रकात नेमकं हेच लिहा. निकष माणशी दिवसाला 55 लिटरचा आहे, नुसत्या नळाच्या तोटीचा नाही.

वरची_आळी

पण ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही कितीही नीट लिहा, लोक म्हणणार पुढच्या निवडणुकीची तयारी चाललीय. आमच्याकडं एका सदस्यानं असंच छापलं होतं, वर स्वतःचा हात जोडलेला फोटो आणि खाली गणेशोत्सवाच्या शुभेच्छा. लोकांनी त्यात भजी बांधून खाल्ली.

गल्लीतली_सदस्य

राग कशाला. फोटो नाही, शुभेच्छाही नाहीत. म्हणणारे म्हणोत, तयारी असेल तर हिशेब देऊन केलेली बरी.

डीटीपीवाला

पंचवीस वर्षं बेळगावात लग्नपत्रिका आणि सोसायट्यांचे अहवाल जुळवतोय, त्यावरून सांगतो. कामाच्या नावानं नाही, गल्लीच्या नावानं मांडा. माणूस आधी आपली गल्ली शोधतो. मारुती गल्ली, खाली तिची कामं. लक्ष्मी गल्ली, खाली तिची. अक्षर मोठं, चौदाच्या खाली नको. एका बाजूला मराठी, पाठीमागं तेच कन्नडमध्ये घ्या. पीडीओ आणि तालुका पंचायतीतल्या साहेबांनाही वाचता येईल, आणि तुमचा आक्षेपाचा प्रश्न बऱ्यापैकी तिथंच संपेल. आमच्या गावात कन्नड बोलणारी घरं आहेत, तुमच्याही असतील. त्यांच्या दारातलं गटार मराठीत तुंबत नाही.

कलम_बघणारा

आक्षेप आलाच तर माहिती अधिकार कायदा, 2005, कलम 4 दाखवा. त्यात सार्वजनिक कार्यालयानं आपली माहिती कुणी मागायच्या आधीच जाहीर करायची आहे, आणि त्याच कलमाचं पोटकलम 4 म्हणतं की ती प्रसिद्ध करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात माहिती पोचवण्याची परिणामकारक पद्धत विचारात घ्यायची. वर भाषिक अल्पसंख्याकांसाठी घटनेत 350ब कलमानुसार आयुक्त आहेत. पण माझ्या मते तिथवर जाऊ नका. एका पानासाठी भांडण उभं केलं की पान बाजूला राहतं आणि भांडणच चालतं. पाठपोट दोन्ही भाषा, हा सल्ला उत्तम.

खानापुरी

स्मशानाच्या रस्त्याचं राहिलं. घरांची नावं, सर्वे नंबर काही देऊ नका. ‘जागेची हद्द ठरलेली नाही, मोजणीसाठी अर्ज दिला’ एवढंच, आणि अर्ज खरोखर दिला असेल तरच. दिला नसेल तर आधी द्या, मग छापा. पुढच्या पानात ‘मोजणी झाली’ किंवा ‘तारीख मिळाली नाही’ हे लिहावंच लागेल, त्यामुळं भावकीवर दबाव येईल तो कागदाचा येईल, तुमचा नाही.

सूनबाई_निपाणी

ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय? आमच्या सासूबाईंच्या हातात पान दिलं तर त्या जपून देवघरात ठेवतील. संध्याकाळी दूध घालायला डेअरीवर रांग लागते, तिथं कुणीतरी वाचून दाखवा. देवळाच्या भोंग्यावरूनही चालेल, पंच कमिटीला विचारून. आणि कचऱ्याचं म्हणाल तर गाडी चालवणाऱ्या बाईलाच बोलू द्या. ‘तुमच्या ओल्या कचऱ्यात मला काचा लागतात’ हे तिनं सांगितलं की बोल लावल्यासारखं होत नाही.

गल्लीतली_सदस्य

सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते असं: वॉर्डसभेचं टिपण म्हणून काढते, गल्लीनिहाय, पाठपोट मराठी-कन्नड. पाण्याच्या कामात ‘ताब्यात घेतलेलं नाही, कारण...’ आणि ग्रामसभेच्या ठरावाचं लिहिते. स्मशानाच्या मोजणीचा अर्ज आधी बघते, कारण तो दिलाय असं सगळे सांगतात पण पोच कुणाकडंच नाही. डेअरीवर वाचायला गटातल्या बायका तयार होतील असं वाटतं.

एक शेवटचं. पंचायतीतले एकजण म्हणताहेत की मागच्या बाजूला घरपट्टी थकवणाऱ्यांची यादीही छापा, वसुली होईल. छापू का?

निवृत्त_ग्रामसेवक

अजिबात नको. वसुलीला नोटीस आहे, बिल कलेक्टर आहे. यादी छापलीत की लोक कामांची बाजू उलटून बघणारच नाहीत. हवं तर वॉर्डाची एकूण मागणी किती आणि जमा किती, एवढ्या दोन ओळी टाका.

गल्लीतली_सदस्य

ठीक, दोन ओळीच. कच्चं पान तयार झालं की नावं-गाव काढून इथं टाकते, चुका काढा.