शब्दचर्चा : ‘यातल्या कोणाची गं तू?’

हरिश्चंद्रगडाला आम्ही बहुतेक वेळा पाचनईहून चढतो. मागच्या हिवाळ्यात आदल्या रात्री गावातच मुक्काम होता. ओसरीवर पंगत बसली, सहा पुरुष आणि मी. चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या मावशींनी माझ्याकडे बघून विचारलं, "यातल्या कोणाची गं तू?"

विचारण्यात खोट नव्हती. सात माणसांत एक बाई, म्हणजे ती कोणाची तरी असणार, एवढाच हिशोब. मी म्हटलं, "कोणाची नाही मावशी, सगळ्यांची मैत्रीण." ‘सगळ्यांची’ म्हणताना जीभ जराशी अडखळली, हे खरं. मावशींनी तव्यावरच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवला, ती उलटली आणि म्हणाल्या, "म्हंजी तुझी तूच की." फुगलेली पहिली भाकरी माझ्या ताटात पडली.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. या सहा जणांबरोबर मी कॉलेजपासून डोंगर हिंडते, २२ वर्षं झाली. पुरुषांच्या घोळक्यात सहज सामावलेल्या, त्यांच्याशी निखळ मैत्री असलेल्या बाईला आपण मराठीत नेमकं काय म्हणतो? मला आजवर मिळालेली नावं मांडते, तुम्ही भर घाला.

सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "ही तर आमचा भाऊच आहे." ‘ही’ स्त्रीलिंगी आणि ‘आमचा’ पुल्लिंगी, एकाच वाक्यात. म्हणणारा कौतुकानेच म्हणतो. कातळटप्प्यावर मी पहिली चढून दोर लावला तेव्हा हे ऐकलं, एकाच्या वडिलांना मध्यरात्री दवाखान्यात नेलं तेव्हाही ऐकलं. मला ते कधीच रुचलं नाही. दोर मी लावला, दवाखान्यात मी गेले, आणि शाबासकी कोणा भावाला मिळाली. ‘टॉमबॉय’ आणि ‘पुरुषी’ हे शब्दही लोक इथे वापरतात, पण ते कपड्यांबद्दल आणि चालण्या-बोलण्याबद्दल सांगतात, मैत्रीबद्दल काहीच सांगत नाहीत. माझी आत्या नऊवारीतच लासलगावला कांद्याच्या लिलावाला जायची. व्यापारी, हमाल, टेम्पोवाले, सगळ्यांत तिची ऊठबस. तिला पुरुषी म्हणण्याची कोणाची छाती नव्हती आणि तसं काही कारणही नव्हतं. ‘ऊठबस’ हा शब्द मला फार आवडतो. माणूस कोणाबरोबर उठतो-बसतो एवढंच तो सांगतो, न्याय करत नाही.

दुसरी वाट नात्याची. भाऊ, ताई, वहिनी. ऑफिसात नवीन बाई आली की दोन दिवसांत तिची ‘मॅडम’ तरी होते नाहीतर ‘ताई’ तरी. राखी बांधली की ‘मानलेला भाऊ’. सख्खा, चुलत, मावस या रांगेत ‘मानलेला’ला आपण मानाने बसवलं आहे, आणि कित्येकांनी ती नाती सख्ख्याहून सरस निभावली आहेत. पण ज्याला भाऊ मानायचं नाही आणि नवराही करायचा नाही, अशा पुरुषासाठी वेगळी जागा हवीच ना?

याची खरी गंमत मित्रांना मुलं झाल्यावर कळली. बाकीचे पाच जण आपोआप ‘काका’ झाले. मी कोण? ‘काकू’ म्हणजे काकाची बायको, ते जमेना. ‘मावशी’ म्हटलं तर मी मुलाच्या आईच्या बाजूची झाले, आणि ‘आत्या’ म्हटलं तर बापाची बहीण. एका घरी मी मावशी आहे, दुसऱ्या घरी आत्या. तिसऱ्या घरातल्या मुलीने बरेच दिवस मला काहीच हाक मारली नाही, नुसतं "अगं, ऐक ना" म्हणायची. आता ती सरळ नावाने हाक मारते. आजीला ते खटकतं, मला नाही.

‘मोकळी’ या शब्दाकडेही बघा. "मोकळ्या स्वभावाची आहे" ही स्तुती. "जरा जास्तच मोकळी आहे" ही बदनामी. मधे फक्त ‘जरा जास्तच’ आलं. ‘बिनधास्त’चंही तेच होतं, सूर बदलला की अर्थ फिरतो.

आता ‘मैत्रीण’. पुरुष "माझी मैत्रीण" म्हणाला की समोरचा किंचित हसतो आणि लगेच खुलासा येतो, "म्हणजे तशी नाही, नुसती मैत्रीण." त्या ‘तशी’त काय काय भरलंय ते सगळ्यांना कळतं, उच्चारत कोणीच नाही. तोच माणूस "आमची मैत्रीण" म्हणाला की कोणी खुलासा मागत नाही. एकवचनातला संशय अनेकवचनात विरून जातो. ‘नुसती’ मात्र मला टोचतं. २२ वर्षांच्या सोबतीला ‘नुसती’ कसं म्हणायचं?

या शब्दाची घडणही बघण्यासारखी आहे. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, सुतारीण म्हणजे सुताराची. शेजारीण ही शेजाऱ्याची बायको असेल, नसेलही. पण मैत्रीण म्हणजे मित्राची बायको असं कधीच होत नाही. मित्राची बायको वहिनी होते. ‘ईण’ लागूनही ‘कोणाची?’ या प्रश्नाला मैत्रीण बधत नाही. म्हणून माझं मत असं की नवा शब्द शोधायची गरज नाही. ‘मैत्रीण’ म्हणायचं आणि पुढे खुलासा करायचा नाही.

घोळक्यातल्या नात्यासाठी मात्र माझी पसंती ‘भिडू’ला. लहानपणी पत्त्यांत, लगोरीत आपण भिडू वाटून घ्यायचो तेव्हा मुलगा-मुलगी कोण बघत होतं? माझा भिडू, माझी भिडू, दोन्ही चालतं. ‘गडी’चंही तसंच. कबड्डीत मुलगी बाद झाली तरी "गडी बाद" हीच आरोळी.

तुमच्याकडे काय म्हणतात? विदर्भ, खानदेश, कोकण, गोवा, कुठलाही शब्द चालेल.

प्रतिसाद

‘मित्र’बद्दल थोडं. मी शाळेत संस्कृत शिकवत होतो. मित्र नावाची वैदिक देवता पुल्लिंगी, पण स्नेही या अर्थाने संस्कृतात ‘मित्रम्’ नपुंसकलिंगी आहे, मग तो स्नेही पुरुष असो की स्त्री. महाभारताच्या वनपर्वातल्या यक्षप्रश्नात ‘भार्या मित्रं गृहे सतः’ असं येतं, म्हणजे घरी असणाऱ्याचं मित्र त्याची बायको. मराठीत आल्यावर ‘मित्र’ पुरुष झाला आणि बाईसाठी वेगळा शब्द करावा लागला. हल्लीची मुलं "ती माझी मित्र आहे" म्हणतात, ते ऐकून मी आधी दुरुस्त करायचो. आता करत नाही.

दुसरं, त्याच वनपर्वात द्रौपदी कृष्णाला विचारते की पार्थांची भार्या, धृष्टद्युम्नाची बहीण आणि तुझी सखी असलेल्या माझ्यासारखीला सभेत ओढत आणलंच कसं? तुमच्या मावशींच्या ‘कोणाची’ला द्रौपदीने तीन उत्तरं दिली आहेत. पहिलं लग्नाने आलेलं, दुसरं जन्माने. तिसरं दोघांनी आपखुशीने जोडलेलं, आणि ते ती त्याच ओळीत, तेवढ्याच हक्काने सांगते.

प्रतिसाद

मी कोल्हापूरची. आमच्याकडं आई, आजी, आम्ही सगळ्या "मी आलो", "मी जातो" असंच बोलतो. पुण्यात शिकायला आलो तेव्हा वर्गातल्या मुलांना वाटलं, ही मुलग्यांत राहून मुलग्यांसारखं बोलते. "तू आमच्यातलाच" असं त्यांनी परस्पर ठरवूनपण टाकलं! दोस्ती झाली ती झालीच, अजून आहे. पण क्रियापद मी त्यांच्याकडनं घेतलेलं नव्हतं, आजीकडनं घेतलंय. ‘भाऊच आहे’बद्दल तुम्ही लिहिलंय ते म्हणून लगेच पटलं.

प्रतिसाद

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे ‘सहा पुरुषां’पैकी म्हणा. आमच्याही ग्रुपमध्ये एक मैत्रीण आहे. तुमचं ‘खुलासा करायचा नाही’ शहरात ठीक आहे. आमच्या गावी मी तिची ओळख "ही माझी मैत्रीण" अशी करून दिली आणि गप्प बसलो, तर मी परत शहरात येतो, पण चार दिवस चर्चा होते ती तिची. म्हणून मी ‘ताई’ म्हणतो. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. दर वेळी ते म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं वाटतं, तरी म्हणतो. याला भित्रेपणा म्हणा हवं तर, पण तिच्या काळजीपोटी आहे.

लेखिका

भित्रेपणा नाही म्हणणार. फक्त एकदा तिला विचारा, तिला कुठलं चालेल ते. माझ्या मित्रांनी मला हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा आमची १५ वर्षं होऊन गेली होती, आणि तोवर मीही कधी सांगितलं नव्हतं.

सरांचे आभार, ‘मित्रम्’चं लिंग मला माहीत नव्हतं. सखीला आज कवितेतून खाली आणणं अवघड आहे, पण द्रौपदीची ती ओळ मी लिहून ठेवली.

हे सगळं काल आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गडी पुल्लिंगी म्हणून अडलीस होय? गडणी आहे की." जात्यावरच्या ओव्यांत हा शब्द तिने लहानपणी ऐकलाय. गडणी म्हणजे सोबतीण, बरोबरीची. ओव्यांत ती बाईचीच गडणी असते, पुरुषाने कोणाला गडणी म्हटल्याचं आईला आठवत नाही. कोणाच्या ऐकण्यात असेल तर गाव-तालुक्यासकट जरूर लिहा.