पुळणीवरून गरवणे: जिताडा आणि लेप किनाऱ्यावरून गळाला लागतात का?

कर्वेनगरकर:

सर्वांना नमस्कार. मी गेली सात वर्षे पुण्याच्या आसपासच्या तलावांवर, जिथे रीतसर परवानगी मिळते तिथे, गळाने मासे पकडतो. कणकेचा गोळा लावून गळ टाकला की रोहू किंवा कटला येईपर्यंत निवांत चहा घ्यायचा, ही तलावावरची सवय मला समुद्रावर नडते आहे असे वाटते. वर्षभर मी इंग्लंडमधील मंडळींचे बास आणि फ्लाउंडर या माशांविषयीचे पुष्कळ लिखाण वाचले आणि त्यांचा बास म्हणजे आपला जिताडा, त्यांचा फ्लाउंडर म्हणजे आपला लेप, असे समीकरण मनाशी मांडून बारा फुटी काठी, मोठे रीळ आणि शिशाची वजने विकत घेतली.

दिवाळीनंतर दापोलीजवळच्या मुरूडला गेलो. सकाळी नऊपासून बारापर्यंत दंड भरून येईतो लांब लांब गळ फेकला, शिसे सत्तर-ऐंशी मीटरवर जाऊन पडत होते, पण शेवाळाखेरीज काही हाती आले नाही. माझ्यापासून पंधरा पावलांवर एक शाळकरी मुलगा प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस (नायलॉनचा दोरा) नुसत्या हाताने, जेमतेम गुडघाभर पाण्यात टाकत होता. मी निघालो तेव्हा त्याच्या पिशवीत नऊ मुडदुशा (वाळूत राहणारे लहान, निमुळते मासे) होत्या. त्यातल्या दोन त्याने मला देऊ केल्या, हे अधिक जिव्हारी लागले.

माझे समीकरण मुळातच चुकले आहे का, गळ नेमका कुठे टाकावा आणि पुण्याहून पाच तास गाडी चालवून जायचे तर दिवस कसा निवडावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आंजर्ल्याचा:

तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या मुलानेच दिले आहे. मी मूळचा दापोली तालुक्यातला, आता सिंहगड रस्त्यावर राहतो आणि वर्षातून चार-पाच वेळा गरवायला गावी जातो. शहरातून आलेला मनुष्य महागडी काठी घेऊन मासे पायाशी असताना त्यांच्या डोक्यावरून शिसे पलीकडे फेकतो, हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

आधी माशांविषयी. जिताडा आणि विलायती बास यांचे तोंड, पाठीवरचे काटे आणि दबा धरून झडप घालण्याची रीत यांत साम्य असले तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. जिताडा हा खाडीचा मासा आहे. त्याची पिल्ले तिवरांत आणि खारभूमीतल्या निमखाऱ्या पाण्यात वाढतात, म्हणूनच रायगडात लोक ती तळ्यांत सोडून वाढवतात. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे थोराड जिताडा बहुधा मादीच असते. उघड्या, लांबलचक पुळणीच्या मध्यावर तो भेटेल ही आशा सोडा. खाडी जिथे समुद्राला मिळते, उदाहरणार्थ आंजर्ल्याला जोग नदीच्या मुखाशी, केळशीला भारजेच्या मुखाशी किंवा रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी, तिथे ओहोटीचे पाणी बाहेर पडताना लहान मासे आणि कोळंबी वाहून आणते आणि जिताडा कडेच्या खडकांच्या आडोशाला त्यांची वाट पाहत असतो. लेपाचे म्हणाल तर त्याचे तोंड इवलेसे आणि वाकडे असते. तो रापणीच्या किंवा डोलीच्या जाळ्यात सापडतो, गळाला क्वचितच. चपट्या माशांत गळाला लागण्याजोगा मासा म्हणजे भाकस, कारण त्याचे तोंड मोठे, दात तीक्ष्ण आणि खाणे मुख्यतः लहान माशांचे. पुळणीवर खरी आशा धरायची ती मुडदुशीची, आणि नशिबात असेल तर रावसाची.

आता जागा. भरतीच्या वेळी आलेल्या माणसाला सगळी पुळण सारखीच दिसते, म्हणून पहिल्या दिवशी काठी गाडीतच ठेवून पूर्ण सुकतीच्या, म्हणजे ओहोटी संपण्याच्या वेळी अनवाणी चालून या. किनाऱ्याला समांतर असे वाळूचे बांध दिसतील आणि बांध व किनारा यांच्यामध्ये पाणी साचून राहिलेला चर दिसेल. हा चर कुठेतरी बांध फोडून समुद्राकडे उघडतो. ते तोंड शोधून काढा आणि किनाऱ्यावरच्या एखाद्या सुरूच्या झाडाची किंवा झोपडीची खूण मनाशी धरा. भरती लागली की मासे त्या तोंडातून आत शिरतात आणि चरातून हिंडत, लाटांनी उकरलेल्या वाळूतले किडे, कोळंबी आणि लहान कुर्ल्या टिपतात. पाणी चढल्यावरही चर ओळखू येतो. बाहेरच्या बांधावर लाट पांढरी होऊन फुटते, मग चरावर आली की तिचा फेस विरतो, पाणी थोडे गडद दिसते आणि अगदी काठाशी लाट पुन्हा फुटते. त्या दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधल्या गडद पट्ट्यात गळ पडला पाहिजे. तो पट्टा पुष्कळदा वीस-पंचवीस मीटरवरच असतो, कधी त्याहूनही अलीकडे. तुमचे शिसे बांधापलीकडे पडत होते.

दिवस निवडायला पंचांग पुरते. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच, आणि त्याच्या सुमारे सहा तास अलीकडे-पलीकडे सुकती. पुण्याहून येणाऱ्याला द्वादशी-त्रयोदशी सोयीची पडते, कारण दुपारी तीन-चारच्या सुकतीला चर पाहून ठेवता येतात आणि चढत्या पाण्याबरोबर संध्याकाळ मिळते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही आणि मासाही आळसावतो. नेमक्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र नवख्याने खाडीच्या मुखाशी जाऊ नये.

तंगूस:

वरील उत्तरात सामानाविषयी काही आले नाही, म्हणून थोडी भर घालतो. बारा फुटी काठी वाया गेली असे समजू नका. रावसासाठी आणि लाट जोरात असताना तिचा उपयोग होतो. मात्र चार औंसांचे, म्हणजे सुमारे ११० ग्रॅमचे शिसे जोराने फेकायचे असेल तर मुख्य दोऱ्याच्या पुढे जाड तंगुसाचा तुकडा जोडावाच लागतो. दर औंसाला दहा पौंड क्षमता, असा त्याचा साधा हिशेब आहे, म्हणजे चार औंसांना किमान चाळीस पौंडांचा तुकडा. तो काठीच्या दुप्पट लांबीचा असावा आणि रिळावर त्याचे काही वेढे यावेत. हा तुकडा नसेल आणि फेकतानाच दोरा तुटला तर शिसे गोफणीतल्या दगडासारखे सुटते, आणि आपल्या किनाऱ्यांवर मागे-पुढे पोरेबाळे खेळत असतात. मुडदुशीसाठी यातले काहीच नको: हलकी आठ फुटी काठी, वीस-तीस ग्रॅम शिसे, आठ किंवा दहा नंबरचा बारीक गळ आणि सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा. तुमचा गळ बहुधा तिच्या तोंडापेक्षा मोठा होता.

कार्डिफहून परत:

मी नोकरीनिमित्त सहा वर्षे वेल्समध्ये होतो आणि आता औंधला राहतो. तुम्ही वाचलेले लिखाण चुकीचे नाही, फक्त त्यातला लांब फेकीचा भाग डोक्यात राहिला आणि बाकीचा निसटला, असे दिसते. तिथले जुने गरवणारेही हेच सांगत की बास फेसाळत्या लाटेत गुडघाभर पाण्यातही चरतो आणि लोक कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्याच्याकडे पाठ करून गळ फेकतात. फ्लाउंडर तर नदीच्या मुखाशी, चिखल-वाळूच्या सीमेवर अगदी जवळ मिळतो. त्याच्यासाठी गळाच्या वर दोन-चार रंगीत मणी ओवून शिसे हळूहळू ओढत आणतात, कारण तळाची वाळू उडाली की तो कुतूहलाने मागे येतो. ही ओढत आणण्याची युक्ती मी आपल्याकडे भाकसासाठी तारली माशाच्या लांबट तुकड्याचे आमिष लावून करून पाहिली आणि दोनदा ती फळली, अर्थात दोनदा म्हणजे काही नियम नव्हे.

एक गोष्ट तिकडून जरूर उचलावी. बास फार सावकाश वाढतो, म्हणून २०१५ मध्ये त्याची किमान लांबी ३६ वरून ४२ सेंटीमीटर करण्यात आली आणि त्याहून लहान मासा परत सोडावा लागतो. मोजपट्टी हा तिथल्या पिशवीतला गळाइतकाच आवश्यक जिन्नस असतो. आपल्याकडे पुळणीवर कोणी मोजायला येणार नाही, पण वर लिहिले आहे तसा थोराड जिताडा मादी असेल, तर छायाचित्र काढून तिला सोडून देण्यात काय अडचण आहे? सोडताना तिच्या कल्ल्यांच्या झाकणाला बोट लावू नका. ती कड पात्यासारखी असते.

वेळासची सून:

माझे सासर वेळासचे, त्यामुळे दोन गोष्टी लिहिते. पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालावे, म्हणजे तळाशी पहुडलेले पाकट बाजूला होते. त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा घोट्यात शिरतो. शिंगाळ्याचे काटेही तसेच विषारी असतात. माझ्या दिरांना शिंगाळा गळातून सोडवताना तळहाताला काटा लागला तेव्हा सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर हात बुडवून ठेवल्यावर कळ उतरली. उष्णतेने ते विष निकामी होते, बर्फाने नाही. काटा आत तुटला असेल तर मात्र थेट दवाखाना गाठावा.

दुसरे असे की हिवाळ्यात वेळास, आंजर्ले, दिवेआगर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री अंडी घालायला येतात. डोक्याला बॅटरी लावून रात्रभर गरवणाऱ्यांमुळे त्या अर्ध्या वाटेवरून परत फिरतात. तुटलेला तंगूस वाळूत टाकणे तर त्याहून वाईट.

कर्वेनगरकर:

सर्वांचे मनापासून आभार. आंजर्लेकर काका, एक शंका राहिली. चराचे तोंड सापडले, तर मी नेमका तिथेच पाण्यात उतरून उभा राहू का?

आंजर्ल्याचा:

मुळीच नको. बांधावरून आत आलेले सगळे पाणी त्याच तोंडातून परत समुद्रात जाते आणि तिथली ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही. वरून पाहाल तर लाटा कमी फुटत असल्यामुळे तीच जागा सर्वांत शांत वाटते, आणि पर्यटक नेमके तिथेच डुंबायला जातात. तोंडाच्या एका बाजूला, कोरड्या वाळूवर उभे राहून तिरका गळ टाका. आणि त्या मुलाला पुन्हा भेटलात तर तो आमिष कुठून उकरतो, तेवढे विचारून घ्या. दुकानातल्या बर्फातल्या कोळंबीपेक्षा ते निश्चित चांगले असणार.