काहुझी-बिएगाचे गोरिला आणि बात्वा: जंगल नेमके कोणापासून वाचवायचे?

रानवाट (धागाकर्ता)

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्व टोकाला, बुकावू शहराजवळ, काहुझी-बिएगा राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे ६,००० चौरस किलोमीटरच्या या जंगलात ग्राउअर गोरिला राहतो. आकाराने सर्वांत मोठी असलेली गोरिलाची ही उपजाती पूर्व काँगोखेरीज जगात कुठेही नाही. मुख्यतः तिच्यासाठीच १९७० मध्ये हे उद्यान स्थापन झाले, १९७५ मध्ये त्याचा मोठा विस्तार झाला, १९८० मध्ये ते जागतिक वारसा ठरले आणि १९९७ मध्ये धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत गेले.

उद्यान उभारताना पिढ्यानपिढ्या तिथे राहणाऱ्या बात्वा आदिवासींना हजारोंच्या संख्येने बाहेर काढण्यात आले. त्यांची संमती घेतली गेली नाही, मोबदलाही दिला गेला नाही. मानवी हक्कांविषयीच्या आफ्रिकी आयोगाचा जो निर्णय २०२४ मध्ये जाहीर झाला, त्यात हे कृत्य हक्कभंग ठरवून जमीन परत करण्यास सांगितले आहे. या निर्णयाने गोरिलांचा घात होईल, असे अनेक निसर्गप्रेमींना वाटते. मला तसे वाटत नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यास ग्राउअर गोरिलांची एकूण संख्या सुमारे १६,९०० मानली जात होती. २०१६ मध्ये ती ३,८०० वर आल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. (२०२१ मध्ये हा आकडा ६,८०० असा सुधारला गेला, तो अधिक क्षेत्राची माहिती हाती आल्यामुळे, गोरिला वाढल्यामुळे नव्हे.) ही पडझड झाली तेव्हा बात्वांना उद्यानाबाहेर काढून वीस-पंचवीस वर्षे लोटली होती. १९९४ च्या नरसंहारानंतर रवांडातून आलेले निर्वासितांचे लोंढे, १९९६ आणि १९९८ मध्ये सुरू झालेली काँगोतील युद्धे आणि २००० मध्ये कोल्टनचे (इलेक्ट्रॉनिक उपकरणांत लागणाऱ्या खनिजाचे) भाव भडकल्यावर जंगलात घुसलेले हजारो खाणमजूर ही तिची कारणे आहेत. खाणीवर ना शेती, ना बाजार. मजूर आणि त्यांचे सशस्त्र मालक रानातले मांस खाऊन जगत होते, आणि एका गोळीत सर्वाधिक मांस देणारे प्राणी म्हणजे हत्ती आणि गोरिला. उद्यानाच्या डोंगराळ भागातून हत्ती जवळपास नाहीसे झाले आणि तिथले गोरिला २००० पर्यंत निम्म्यावर आले.

ज्यांनी हे केले त्यांना उद्यानाचे नियम रोखू शकले नाहीत. ज्यांनी केले नाही ते मात्र आजही उद्यानाच्या सीमेवर भूमिहीन म्हणून राहतात.

अरण्यऋण

बात्वांवर अन्याय झाला हे मी नि:संकोच मान्य करतो. तरीही आपल्या मांडणीत २०१८ चा उल्लेख नाही, आणि त्याखेरीज ही चर्चा अपुरी राहते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये काही बात्वा गट उद्यानाच्या डोंगराळ भागात परतले. त्यानंतर तिथे झाडे तोडून लाकडी कोळसा पाडण्याचे आणि फळ्या कापण्याचे प्रमाण झपाट्याने वाढले आणि तो माल बाहेरच्या बाजारात गेला. डोंगराळ भाग केवळ ६०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पर्यटकांना ज्ञात असलेले, माणसाला सरावलेले गोरिलांचे कळप त्याच भागात आहेत. गोरिलाची मादी साधारण दहाव्या वर्षी पहिल्यांदा विते आणि पुढची पिल्ले चार-चार वर्षांच्या अंतराने होतात. अशा प्राण्याच्या बाबतीत दहा वर्षांचा चुकलेला प्रयोग पुढच्या पन्नास वर्षांत भरून निघत नाही. हरणांसाठी लावलेल्या फाशात गोरिलाचा पंजा अडकतो, तेव्हा फास लावणाऱ्याचा हेतू काय होता याने त्या पंजाला काही फरक पडत नाही.

युगांडातील ब्विंडीचेही पाहावे. तिथेही १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान होताच बात्वांचा जंगलाशी संबंध तोडला गेला. अन्याय तोच, पण तिथले डोंगरी गोरिला (ही ग्राउअरहून वेगळी उपजाती) वाढत गेले आणि २०१८ च्या गणनेत ४५९ भरले.

रानवाट

ब्विंडीचा दाखला मला महत्त्वाचा वाटतो, म्हणूनच त्यातून निघणारा निष्कर्ष तपासायला हवा. १९९० नंतरच्या बहुतेक काळात ब्विंडीभोवती चालणारे शासन होते. आजारी गोरिलांवर उपचार करणारे पशुवैद्य होते, पर्यटकांच्या गोरिला पाहण्याच्या परवान्यांच्या उत्पन्नातला वाटा आसपासच्या गावांना मिळत होता, आणि खाणीसाठी जंगलात शिरणारी फौज नव्हती. काहुझी-बिएगात यांतले फारसे काही टिकले नाही, हद्दपारी मात्र दोन्हीकडे होती. जी गोष्ट दोन्हीकडे सारखी होती, तिला एका ठिकाणच्या यशाचे श्रेय कसे द्यावे?

२०१८ नंतरची जंगलतोड मी नाकारत नाही. पण कोळशाचा व्यापार बात्वांच्या हातात नव्हता. माल घेणारे व्यापारी आणि वाटेत कर उकळणारे सशस्त्र गट वेगळे होते. बात्वांच्या वाट्याला नफ्याचा लहानसा हिस्सा आला. जमिनीचा कायदेशीर हक्क ज्याला कधीच मिळणार नाही असे वाटते, तो हाती लागेल ते आजच विकतो, हे कुठल्याही देशात घडेल. तोड थांबवण्याच्या नावाखाली उद्यानाच्या रक्षकांनी आणि सैनिकांनी बात्वांच्या वस्त्या जाळल्याचे आणि माणसे मारल्याचे गंभीर आरोप २०२२ च्या एका अहवालात सविस्तर मांडले गेले. त्या हिंसेनंतरही कोळसा बंद झाला नाही.

चंद्रभागा

दोघांच्याही बोलण्यात एक जागा सुटली आहे. डोंगराळ भाग आणि पश्चिमेकडचे विस्तीर्ण सखल जंगल यांना जोडणारा एक अरुंद पट्टा आहे. त्या पट्ट्यात वजनदार लोकांनी शेते आणि गुरांची कुरणे थाटली, आणि हे बेकायदा भूखंड रद्द करावेत अशी मागणी जागतिक वारसा समिती वर्षानुवर्षे करत आली आहे. पट्टा तुटला की वरचे गोरिला एका बेटावर अडकतात. बाहेरचे रक्त मिळत नाही आणि श्वसनाचा एखादा साथीचा आजार अख्खा कळप संपवू शकतो. बात्वांच्या झोपडीवर कारवाई होते आणि कुरणाच्या मालकावर होत नाही, तोवर तिथल्या कायद्याला संवर्धनाचा कायदा म्हणणे मला कठीण वाटते.

अरण्यऋण

चंद्रभागाताईंचा मुद्दा मला मान्य आहे. तो पट्टा मोकळा करणे हे सर्वांत पहिले काम असायला हवे. जमीन परत देण्याबाबत मात्र माझा आक्षेप कायम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बुकावू शहर एम-२३ या बंडखोर गटाच्या ताब्यात गेले. आयोगाचा आदेश ज्या सरकारला आहे त्या सरकारचा अंमल आज तिथे नाही. अशा वेळी सीमा बदलल्या, तर नव्या सीमेचा लाभ बात्वांना होईल की बंदूकवाल्यांना?

रानवाट

बंदूकवाले जुनी सीमाही मानत नाहीत, हे गेल्या तीस वर्षांत दिसले आहे. बात्वांची नावे वनरक्षकांच्या यादीत आणि उद्यानाच्या निर्णय-मंडळात यावीत, आणि गोरिलांचा नित्य वावर असलेल्या टापूंत तोड व फासे लावण्यास त्यांच्याच संमतीने बंदी असावी. ही दोन कामे करायला सीमा बदलावी लागत नाही, आणि युद्ध थांबेपर्यंत थांबावेही लागत नाही. काँगोने २०२२ मध्ये आदिवासींच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा केला आहे; त्याचा आधार घेता येईल. माझ्या या प्रस्तावातल्या कोणत्या मुद्द्यावर आपला आक्षेप आहे ते सांगावे, म्हणजे पुढे त्यावरच बोलता येईल.