स्कोअरबुकमध्ये तो आयता रनर लिहायचा कसा?

नौपाडाकर:
इथे क्रिकेट-कबड्डीचेच धागे जास्त, तरी विचारतो. बेसबॉलचं स्कोअरबुक हाताने लिहिणारं कुणी आहे का?

नोकरीमुळे १९९६ ते २००८ सॅन फ्रान्सिस्कोजवळ होतो. तिथल्या जायंट्स संघाच्या कँडलस्टिक पार्क मैदानावर ऐन जुलैत कानटोपी घालून बसायचो, असला बोचरा वारा. शेजारच्या खुर्चीतल्या एका म्हाताऱ्याने वही लिहायला शिकवलं. प्रत्येक जागेला आकडा: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६. तीन स्ट्राइकवर बाद म्हणजे ‘के’; तिसरा स्ट्राइक नुसता बघत बाद झाला तर ते अक्षर उलटं काढायचं. आता ठाण्यात जायंट्सचा घरचा सामना बहुधा सकाळी सव्वासातला लागतो. चहा, वही, पेन्सिल. बायको म्हणते, ह्यांची पूजा सुरू झाली.

२०२३ला पिच क्लॉक, म्हणजे पिचरसाठी घड्याळ, आलं तेव्हा फार चरफडलो होतो. बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाका म्हणे! पूर्वी दोन चेंडूंच्या मध्ये पेन्सिलीला टोक काढून व्हायचं. पण खोटं कशाला बोलू, तीन तासांच्या वर जाणारे सामने दोन तास चाळीस मिनिटांवर आले. दहाच्या आत मोकळा होऊन जांभळी नाक्यावर भाजीला जाता येतं. शिफ्टवर, म्हणजे फिल्डर एका बाजूला गोळा करण्यावर, बंदी आणली तीही पटली. सेकंड बेसमन पार गवतात जाऊन उभा राहायचा आणि मी वहीत निमूट ४-३ लिहायचो, म्हणजे त्याने चेंडू अडवून फर्स्ट बेसमनकडे फेकला, गडी बाद.

पचत नाही ते एकच. २०२०पासून, नऊ इनिंगनंतर बरोबरी असली की दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर एक रनर (धावणारा गडी) आयताच उभा करतात. तोही कोण? बहुतेक वेळा आधीच्या इनिंगला शेवटी बाद झालेलाच गडी! माझ्या वहीत प्रत्येक माणूस बेसवर कसा पोचला त्याची रेघ असते. ह्याची रेघ कुठून काढू?

ऐरोलीकर:
काका, मी मोबाइलवरच लिहितो, पण नियम सांगतो. तो फिल्डरच्या चुकीमुळे दुसऱ्या बेसवर आला असं धरायचं, मात्र एरर कुणाच्याच नावावर मांडायची नाही. त्याची रन पिचरच्या सरासरीत धरत नाहीत. वहीत त्याच्या नावापुढच्या, चार बेस दाखवणाऱ्या चौकोनात पहिल्या दोन बाजू तुटक रेघेने काढा, पुढे नेहमीसारखं.

नौपाडाकर:
चूक झाली, पण केली कुणीच नाही. आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखंच झालं हे. आणि सरासरीत नाही म्हणता, पण सामना हरला तर पराभव त्याच पिचरच्या नावावर ना? बिचाऱ्याने एकही हिट दिली नाही तरी?

ऐरोलीकर:
हो, पराभव त्याच्याच नावावर. दोन फ्लाय बॉल (उंच उडालेले चेंडू) खोल गेले की, झेल झाले तरी, रनर तिसऱ्यावर आणि मग घरी. संपलं.

वाशीची ताई:
बेसबॉल मला कळत नाही, कबड्डी खेळलेय. मातीवर खेळायचो तेव्हा पुढे असलेला संघ नुसत्या रिकाम्या चढाया करून वेळ काढायचा. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणा, नाहीतर बाद. आमचे जुने कोच अजून नाकं मुरडतात. पण माझी आई, जी कधी मैदानावर फिरकली नाही, ती आता टीव्हीपुढून हलत नाही. काका, तुमचा रनरही नव्या लोकांसाठीच असेल.

नौपाडाकर:
ताई, तुमच्या तिसऱ्या चढाईला गुण कमवावा तरी लागतो. घड्याळावर माझा राग नाही, तेही तसंच आहे, खेळाडूने आवरतं घ्यायचं. इथे न कमावता बेस मिळतो. बरं, हा नियम इतका चांगला, तर प्लेऑफमध्ये का लावत नाहीत?

ऐरोलीकर:
हे मात्र खरं. २०२५च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, तिसरा सामना, डॉजर्स-ब्लू जेज, १८ इनिंग चालला. आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू झाला तो दुपारी बारानंतर संपला. डॉजर्सच्या फ्रीमनच्या होम रनने. मी ऑफिसमध्ये मांडीवर फोन ठेवून बघितला.

नौपाडाकर:
मी पूर्ण लिहिलाय. वहीतले रकाने संपले म्हणून वाण्याच्या बिलामागे रेघा मारून चिकटवलं. डॉजर्स जिंकले म्हणून तोंड कडू झालं, आम्ही जायंट्सवाले, पण एकही तुटक रेघ नाही त्यात.

उद्या सव्वासातला आहे सामना. लाल पेन्सिल काढून ठेवली आहे. दहावी इनिंग आलीच, तर तुम्ही म्हणता तशी तुटक काढीन, लालच.