मदत हवी आहे: सत्राचा शेवटचा तास

एस.वाय.बी.एस्सी. (दुसरं वर्ष), संख्याशास्त्र, 62 विद्यार्थी. पोर्शन संपलाय, अंतर्गत गुण दाखवून सह्याही झाल्या. 48 मिनिटांचा एकच तास उरलाय. मागच्या सत्रात उजळणी घेतली, तर सगळी गाडी 'परीक्षेला काय येणार' यावरच अडली. अभिप्रायाचा गूगल फॉर्म घरून भरायला दिला, 11 जणांनीच भरला. वर्गात कागदावर घेतला तर सगळं 'छान'! (शिक्षक समोर उभे, त्यात अक्षर ओळखू येतं.)

यंदा पहिली 10 मिनिटं अभिप्राय: मी वर्गाबाहेर, पाकीट सी.आर.कडे (वर्गप्रतिनिधीकडे), उघडायचं निकालानंतरच. उरलेल्या वेळात प्रत्येकाने पुढच्या बॅचसाठी 'कुठे अडकलो, कसं सुटलं' यावर अर्धं पान लिहायचं. प्रोजेक्टर नाही, यासाठी गुण देता येणार नाहीत. मोघम उत्तरं टाळायला फळ्यावर नेमका कोणता प्रश्न लिहू?