गेटच्या आत बंदी, गेटबाहेर टपरी: कॉलेजातल्या सिगरेटबंदीचे तुमचे अनुभव सांगा

समितीवाली मॅडम

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजात तंबाखूमुक्त समिती स्थापन झाली, मी मीटिंगला पाच मिनिटं उशिरा पोचले म्हणून तिची सचिव मी. (काम कुणाच्या गळ्यात पडतं हे प्राध्यापक मंडळींना सांगायला नको.) पहिलं काम काय तर शंभर यार्ड मोजा. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातलं कलम ६, शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत सिगरेट-तंबाखू विकायची नाही. आता यार्ड म्हणजे नक्की किती हेच ऑफिसात कोणाला येईना, मोबाइलवर बघितलं, ९१ मीटर ४४ सेंटिमीटर. मग मी आणि आमचे शिपाईमामा, हातात सिव्हिलवाल्यांकडून मागून आणलेला ३० मीटरचा टेप, भर दुपारी रस्त्यावर. मी गेटपासून मोजायला लागले तर मामा म्हणाले, मॅडम गेटपासून कशाला, भिंतीपासून असणार ते. आणि खरंच नियमात तसंच आहे, कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चारी बाजूंनी. पहिली टपरी निघाली १२ मीटरवर. टपरीवाल्या काकांनी टेपचं दुसरं टोक स्वतःहून धरलं, त्यांना वाटलं रस्ता रुंदीकरण आहे. मी रोज सकाळी सव्वासातला त्यांच्याकडेच चहा पिते हो! तोंड कुठे लपवू असं झालं.

तर तुम्ही विद्यार्थी असताना किंवा नोकरीत असताना अशी बंदी आली तेव्हा काय झालं ते लिहा. ओढणारे, न ओढणारे, सोडलेले, सगळेच. कॉलेजची नावं नकोत. उपदेश पण नको, तो आम्हीच करतोय सध्या.

माजी धुराडं

२००६ ते १० पुण्यात इंजिनिअरिंग. आधी कँटीनच्या मागे खुलेआम चालायचं, सबमिशनच्या आठवड्यात तर तिथे धुकं. मग २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदीचे नवे नियम आले आणि दसऱ्याच्या आसपास आमच्याकडे तो पांढरा बोर्ड लागला, येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे. पहिल्या दोन महिन्यांत त्या बोर्डाच्या खालच्या कडेवर काळ्या ठिपक्यांची रांग, कारण सगळे तिथेच सिगरेट विझवायचे. मी एकदाच पकडला गेलो. दोनशे रुपये दंड, म्हणजे तेव्हा आठवडाभराचा चहा-नाश्ता. गंमत म्हणजे दंडाचं वेगळं पावतीपुस्तक आलंच नव्हतं, क्लार्कने ग्रंथालय दंड छापलेलं पुस्तक काढलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं 'धूर'. ती पावती बरीच वर्षं पाकिटात होती. सिगरेट काही तेव्हा सुटली नाही, फक्त कँटीनमागून हायवेच्या पुलाखाली गेली.

रिटायर्ड मास्तर

मी १९८४ साली एम.ए. करत होतो. सरांच्या केबिनमध्ये ट्युटोरियल, आठ जण, एक खिडकी, आणि सरांची पेटलेली. टेबलावर पितळी अॅशट्रे होता आणि तो रिकामा करणं हे मानाचं काम होतं! कोणाला वावगं वाटत नव्हतं, किंवा वाटत असेल तरी म्हणायची सोय नव्हती. पुढे मी स्वतः शिकवायला लागलो आणि स्टाफरूममध्ये तेच केलं, हे कबूल करतो.

एक मात्र सांगावंसं वाटतं, सगळं २००३ च्या कायद्याने सुरू झालं असं नाही. गोव्याने १९९७ लाच धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध स्वतःचा कायदा केला. सार्वजनिक ठिकाणी ओढण्याविरुद्धचा केरळ हायकोर्टाचा निकाल १९९९ चा, आणि ती याचिका करणारी बाई एका कॉलेजातली प्राध्यापिकाच होती. मग आपल्या मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा सुप्रीम कोर्टात गेले, तो आदेश २००१ चा, त्यात शिक्षणसंस्था स्पष्ट होत्या. आमच्या स्टाफरूममध्ये त्यानंतरही अॅशट्रे होता, फक्त त्यात टाचण्या ठेवायला लागले.

खालच्या मजल्यावरची

मला लहानपणापासून दमा आहे. आमची लॅब तळमजल्यावर आणि खिडकीबाहेर यांचा अड्डा. खिडकी उघडावी तर धूर, बंद करावी तर उकाडा, मी पंप दप्तरात न ठेवता खिशात ठेवायचे. बंदी आली तेव्हा लोकांनी खूप जोक केले, पण अड्डा खिडकीपासून उठला आणि दुसऱ्या सेमला मी खिडकी उघडून प्रॅक्टिकल केली. बाकी ती पोरं कुठे जाऊन ओढत होती मला घेणं नाही.

मुलींच्या हॉस्टेलची माजी रहिवासी

हे पहिल्यांदाच कुठे लिहितेय. २०१५, पुणे, एम.ए.चं दुसरं वर्ष. लायब्ररीच्या मागच्या पायऱ्यांवर आम्ही चौघं, तीन मुलगे आणि मी, आणि स्क्वॉड आलं. तिघांना दोनशे दोनशेच्या पावत्या फाडल्या, पाच मिनिटांत मोकळे. मला म्हणाले तू थांब. मी पैसे पुढे केले तर घेईनात, घरचा नंबर दे. रेक्टर मॅडमपुढे उभं केलं, त्या म्हणाल्या बाळ तुझं अजून लग्न व्हायचंय. म्हणजे नियमभंग चौघांनी केला, पण तिघांचा आरोग्याचा प्रश्न आणि माझा चारित्र्याचा! कायद्यात तर बाई-पुरुष असा रकानाच नाहीये, दोनशे रुपयांपर्यंत दंड, बास.

वडिलांना फोन गेला. ते साताऱ्याहून संध्याकाळच्या एसटीने आले. मी स्वारगेटला न्यायला गेले, पाय लटपटत होते. स्टँडच्या बाहेर येऊन त्यांनी आधी बिडी शिलगावली. ती संपेपर्यंत एक शब्द नाही. मग थोटूक चपलेखाली चिरडून म्हणाले, दोनशे रुपये भरून टाकायचे होतेस ना, एवढ्यासाठी माझी रजा घालवली त्यांनी. मी म्हटलं, घेतच नव्हते. तेव्हा मात्र ते चिडले, माझ्यावर नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन पावती मागून घेतली, माझ्या नावाची. मी नंतर सोडली, ती वेगळी गोष्ट, वडिलांची अजून सुटली नाहीये.

खर्रा नको म्हणणारा

नागपूर साइडचा आहो. आमच्या इकडे सिगरेटबंदी म्हणजे जो ओढतच नाही त्याले ओढायची बंदी. २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत आहे, महाराष्ट्रात २६.६ टक्के मोठी माणसं तंबाखू घेतात आणि त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सगळे चघळणारे. मंग बोर्डावर फुली मारलेली सिगरेट काढून काय होणार ना बाप्पा. आमच्या कॉलेजसमोर खर्रा घोटायचा आवाज पहिल्या लेक्चरपासून यायचा, सुपारी तंबाखू चुना पन्नीत टाकून घसघस घसघस. त्यावर राज्यात बंदी आहे बरं, तरी पोरं दुरूनच दोन बोटं दाखवून ऑर्डर देऊन राहिले. जिन्याच्या कोपऱ्यात देवाच्या टाइल्स लावल्या तर लोक टाइल सोडून वीतभर वर थुंकायचे.

आणि तंबाखूमुक्तीची शपथ घ्यायचा कार्यक्रम. सगळे हात पुढे करून उभे, समितीचे एक सर पहिल्या रांगेत. मी त्यांच्या बाजूलेच होतो. पूर्ण शपथ होईपर्यंत सर नुसते मान हलवत राहिले, तोंड उघडताच येईना त्यायले.

कॅलिफोर्नियाकर

इकडे कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीने १ जानेवारी २०१४ पासून दहाही कॅम्पस तंबाखूमुक्त केले, सिगरेट, ई-सिगरेट आणि चघळायचं पण. मी तेव्हा पीएचडीला. बाबा आले होते उन्हाळ्यात, त्यांना कॅम्पस दाखवायला नेलं, लॅबमध्ये दहा मिनिटं काम होतं म्हणून बाहेर बाकावर बसवलं. परत येतो तर बाबांच्या तळहातावर गाय छाप, अंगठ्याने मळणं चालू, आणि समोर एक विद्यार्थिनी हसतमुखाने कार्ड घेऊन उभी. तिला ते काय आहे हे कळलेलं नव्हतं, नुसता संशय. बाबा मला म्हणाले हिला सांग औषध आहे. मी नाही सांगितलं, खरं काय ते सांगितलं. तिने कार्ड दिलं, सोडायचं असेल तर मदत कुठे मिळेल त्याचं, थँक्यू म्हणाली आणि गेली. ना पावती ना आरडाओरडा. बाबा घरी येईपर्यंत गप्प. ते कार्ड चुन्याच्या डबीबरोबर चंचीत घालून ते पंढरपूरला घेऊन गेले, का ते विचारलं नाही मी. बाकी ओढणारे तिथेही रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर उभे असतातच, थंडीत कुडकुडत.

वॉर्डन (पार्टटाइम)

सिगरेट निदान वासावरून कळायची. आता रात्री राउंडला कॉरिडॉरमध्ये स्ट्रॉबेरीचा वास येतो, कधी आंब्याचा. पहिल्यांदा मला वाटलं कोणीतरी जेली करतंय. ई-सिगरेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे, विकायला, मागवायला, साठवायला, पण पोरांकडे ते पेनड्राइव्हसारखं असतं आणि विचारलं तर पेनड्राइव्ह आहे म्हणून सांगतात. आपल्यालाही काही कळत नाही म्हणून आपणही पुढे जातो.

टपरीवाल्याचा मुलगा

मॅडम तुमचा टेप वाचून लिहितोय. माझ्या पप्पांची टपरी मी ज्या कॉलेजात शिकलो त्याच्याच समोर होती, फर्स्ट इयरला वर्गात कोणाला माहीत नव्हतं, सेकंड इयरला सगळ्यांना. लोकांना वाटतं सिगरेटवर फार सुटतं, तसं नाही, पण सिगरेट घेणारा चहा घेतो, चहाबरोबर क्रीमरोल घेतो, आणि उभा राहिला की अजून दोन मित्र येतात, धंदा तो आहे. शंभर यार्डांची मोहीम आली तेव्हा आधी नोटीस, दोनशे रुपये दंड, तो पप्पांनी भरला आणि पाकिटं घरी आणून ठेवली. तरी आठ दिवसांनी अतिक्रमणाची गाडी आली. बंदी सिगरेट विकायला आहे ना, चहाला नाही, पण गाडीत शेगडी, पातेली, बाकडं, बरण्या सगळं गेलं. मी तेव्हा दुसऱ्या मजल्यावर थर्मोडायनामिक्सच्या लेक्चरला खिडकीशी बसलेलो आणि खाली बघत होतो. खाली उतरलो नाही. ते अजून टोचतं.

शेगडी सोडवायला तीन चकरा झाल्या. मग पप्पांनी मागच्या गल्लीत जागा बघितली, दीडशे मीटर तरी असेल. आणि खरं सांगायचं तर तिथे गिऱ्हाईक निम्मं झालं, उन्हाळ्यात तर पाव. दोन लेक्चरच्या मध्ये दहा मिनिटं असतात, एका सिगरेटसाठी एवढं चालत कोण येणार, माझ्याच वर्गातल्या दोघातिघांची अशी आळसाने सुटली. म्हणजे नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही, शेगडी कशाला नेली एवढंच. नंतर पप्पांनी सिगरेट ठेवणंच बंद केलं. खांबाला दोरीने बांधलेला लायटर मात्र बरेच दिवस तसाच होता, लोक चहा घेताना सवयीने तिकडे हात न्यायचे.

सुटी सिगरेट घेणारा

नऊ वर्षं ओढली, विद्यापीठात लॅब असिस्टंट आहे. नऊ वर्षांत एकदाही पाकीट विकत घेतलेलं नव्हतं, कायम सुटी, एक द्या, दोन द्या. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने सुटी विकायला बंदी केली, आमचा टपरीवाला घाबरट, म्हणाला अख्खं घ्या नाहीतर जा. घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा ते चित्र निवांत बघितलं आणि त्यावर एक नंबर दिसला, १८००-११-२३५६, सोडण्यासाठी मदत. पाकिटावर कधीपासून आहे तो, पण सुटी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतंच कुठे? चार दिवसांनी फोन केला, नुसता टाइमपास म्हणून. पलीकडच्या बाईंनी ओरडा नाही केला, दिवसातली पहिली कधी ओढता, कोणाबरोबर ओढता असलं विचारलं आणि सोडायची तारीख मलाच ठरवायला लावली. पहिली तारीख हुकली, दुसरी पण. तिसरी टिकली. मॅडम, बोर्डावर गुन्हा आहे लिहिता तिथे खाली हा नंबर पण लिहा, एवढी जागा असते.

समितीवाली मॅडम

नंबर लिहून घेतला, पेंटरला दिला. मुलींच्या पावतीचा मुद्दा पण मीटिंगमध्ये काढला, पाच मिनिटं शांतता आणि मग पुढचा विषय. परत काढणार आहे. टपरीवाल्याचा मुलगा, तुझी पोस्ट प्रिन्सिपलसरांना वाचून दाखवली, गाडी बोलवायची नाही, आधी बोलायचं, असं लेखी घेतलंय.

काल रस्त्यावर पिवळी पट्टी मारली. आज सकाळी बघते तर काका टपरीसकट पट्टीच्या पलीकडे, बाकडं मात्र अलीकडेच ठेवलंय. विचारलं तर म्हणे, मॅडम विकायला बंदी आहे, बसायला कुठे आहे. बाकड्यावर आमच्या समितीचे दोन मेंबर बसले होते. चहाला मला आता ऐंशी मीटर जास्त चालावं लागतं, सव्वासातऐवजी सातला निघते.